मालनबाईंची सही

मालनबाई म्हणाल्या, "बसा." पण बसायचं कुठं, ते काही सांगितलं नाही. अख्खं अंगण कुरडयांनी भरलेलं. जुनी लुगडी उलगडून उन्हात अंथरलेली आणि त्यांवर ओली, पांढरी वेटोळी. ओट्यालगतच्या चुलीवर चिकाचं पातेलं रटरटत होतं. एका हातानं त्या लाटण्यानं चीक घाटत होत्या, दुसऱ्या हातानं डोळ्यांपुढचा धूर सारत होत्या. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा दादा आणि मालनबाईंचा सख्खा भाऊ शिवदास, चपला हातात घेऊन दोन लुगड्यांमधल्या वीतभर वाटेवरून चोरासारखे ओट्यापर्यंत पोचलो.

"पाय पडंल हां," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तीन दिस गहू भिजवलाय."

त्या गावाला माझी ही तिसरी खेप होती. फलटणहून निघायचं, घाटातली धूळ खायची, शाळेतली उरलीसुरली रजा खर्ची घालायची आणि कशासाठी, तर या बाईंची एक सही मिळावी म्हणून. ती सही मिळाली तर मला घर मिळणार होतं. नाही मिळाली तर अक्षय्यतृतीयेला माझं आणि माझ्या मुलीचं सामान रस्त्यावर येणार होतं. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि आमची खोली त्यांना नव्या जोडप्यासाठी हवी होती. चांगली माणसं होती ती. रोज सकाळी चहाला बोलवायची आणि रोज विचारायची, "बाई, झालं का काही तुमचं?"

माझं काही होत नव्हतं.

घर तसं लवकर सापडलं होतं. शिवदासचं टायरचं दुकान होतं. त्याला मुलाकडे पुण्याला जायचं होतं, म्हणून वडिलांनी बांधलेलं तीन खोल्यांचं घर त्यानं विकायला काढलं होतं. मागे न्हाणीघर, परसात शेवग्याचं झाड, आणि मधल्या खोलीला स्वतंत्र दार. माझी रेवती तेव्हा नववीत होती. ते दार तिनं आतून लावून बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. जन्मात पहिल्यांदा तिला लावायला दार मिळत होतं.

मी तिथंच हो म्हणणार होते, पण दादानं डोळे वटारले. घरा-जागेतलं दादाला फार कळायचं. आमच्या भागात कुणाला गुंठाभर जमीन घ्यायची असली तरी आधी दादाला नेऊन दाखवत. तो एकदा बघून कधी हो म्हणायचा नाही. भर उन्हात बघायचा, मग नळाला पाणी यायच्या वेळी जाऊन उभा राहायचा, आणि शेजाऱ्यांकडे काहीतरी निमित्त काढून चहा पिऊन यायचा. शिवदासच्या स्वयंपाकघरात त्यानं तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि ते कुठं वाहतंय ते उकिडवं बसून बघत राहिला.

"आता हो हे काय!" शिवदास म्हणाला. "मला विचारायचं, मी सांगितलं असतं."

"तुम्ही इकणारं," दादा म्हणाला. "तुम्हाला काय विचारायचं? मी घराला विचारतोय."

पाणी मोरीकडे गेलं. दादानं मान डोलवली. मागच्या भिंतीला गाल लावून ओल बघितली. मग खाटेवर बसून सिटी सर्व्हेचा उतारा वाचला आणि टोपी मागे सारली.

"आन् बहीण?"

"कुणाची?"

"तुमची. हितं नाव दिसतंय की. मालन."

शिवदास हसला. "ती काय घेतीय हो? देवमाणूस आहे आमची मालनअक्का. सांगितलं की येईल सहीला."

"यीना का. पर ती यीस्तवर माझी बहीण इसाराच्या वर छदाम देणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शकू, ध्येनात ठेव. घराची भिंत एक येळ कच्ची असली तर चालंल, बांधता येती. बहिणीची सही कच्ची राह्यली तर घर आपलं न्हवंच. आज ती देवमाणूस असती, उद्या तिची पोरं कोरटात उभी राहत्यात."

सल्ला खरा होता. आजही कुणी घर घेताना मला विचारलं तर मी हेच सांगते.

पहिल्या खेपेला मालनबाई घरी नव्हत्या, लग्नाला गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला भेटल्या. दादानं बाजारातून चांगली किनखापी काठाची साडी, खण आणि नारळ नेला होता. शिवदास आला नव्हता. "तुम्हीच जाऊन या हो," म्हणाला होता, "माझा धंदा पडून राहतो." दादानं साडी पुढे केली. मालनबाईंनी काठ बोटांत धरून बघितला.

"कुणाकडनं म्हणायची ही?"

"शिवदासकडनंच की, अक्का."

"मग त्येचा हात कुठं हाय?"

साडी जशी होती तशी पिशवीत परत आली. येताना जीपमध्ये दादा चिडचिड करत होता, "बायकांचं हे असं असतंय. कामाचं बोलायचं सोडून हात कुठं आन् पाय कुठं." मलाही मालनबाईंचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? मला वाटलं, बाई गं, तुझं दार आहे, तुझी चूल आहे. माझी मुलगी भांड्यांच्या मांडणीमागे पडदा लावून कपडे बदलते. तुझ्या रुसव्यापायी मी अजून किती वेळा हा घाट चढू?

म्हणून तिसऱ्या खेपेला दादानं शिवदासला दुकानातून अक्षरशः उठवून आणलं. बेत पक्का होता. साडी भावाच्या हातानं द्यायची, ओटी भरायची, आणि मालनबाईंना त्याच जीपमध्ये घालून रजिस्ट्रारच्या कचेरीत न्यायचं. दस्त लिहून तयार होता.

आणि आता त्या चुलीपुढून उठायला तयार नव्हत्या.

"अक्का," शिवदास म्हणाला, "जरा ठेव ना ते."

"चीक निवला की सोऱ्यातनं उतरत न्हाई." त्यांनी पहिल्यांदाच भावाकडे बघितलं. पुरतं बघितलं, पायांपासून कपाळापर्यंत. "वाळलास रं. वैनी घालती का न्हाई खायला?"

"घालती की."

"केस पांढरं झालं."

"तुझं काय काळं राह्यलंय व्हय?"

त्या हसल्या. हसताना दिसलं, त्यांचा पुढचा एक दात नव्हता, आणि ते शिवदासला ठाऊक नव्हतं. तो दचकल्यासारखा बघत राहिला. "ह्यो कधी पडला?"

"तू आला न्हाईस तवा," त्या म्हणाल्या. "आता आलाईस तर सोऱ्या दाब. माझ्या मनगटात जोर न्हाई. बाई, तुम्ही पाण्याचा हात लावत जावा. आन् पाव्हणं, तुम्ही कावळं हाकला."

अशी आमची सगळी वरात कामाला लागली. शिवदास बाह्या सारून सोऱ्या दाबायला लागला, मी भांडं धरलं, आणि अख्ख्या तालुक्याला जागा-घराचा सल्ला देणारा माझा दादा हातात काठी घेऊन कावळे हाकू लागला. वेटोळ्यावर वेटोळं उतरत होतं. मालनबाई खालच्या आवाजात, कुणाला ऐकवायचं नसल्यासारखं म्हणत होत्या,

पांढरी कुरडई, उन्हानं गं वाळली,
बंधवाच्या ताटासाठी डब्यात राखली.

"अजून म्हणतीस व्हय गं?" शिवदास म्हणाला, आणि त्याचा सोऱ्या थांबला.

"म्हणती की. डबा दर साली भरती, दर साली आमच्या घरची पोरंच तळून खात्यात." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "कवा आला हुतास शेवटचा? सांग बरं."

शिवदासला सांगता येईना. मी दादाकडे बघितलं, कारण अशी अवघड वेळ आली की दादा पुढं होतो. तो झाला. काठी भिंतीला टेकवून ओट्यावर येऊन बसला.

"अक्का," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मी परका मानूस, पर एक सांगतो. घर, जागा काय गं, आज ह्येची उद्या त्येची. वाटा घेतला की हिशेब मिटला. मग भाऊ म्हणतो, दिलं की तिचं तिला, आता कशाला जायाचं? आन् वाटा सोडला की त्येचं दार तुला जन्मभर उघडं. आडीअडचणीला आलीस, अवेळी आलीस, त्येला उठून कडी काढावीच लागंल. माहेर म्हंजे दुसरं काय असतंय गं?"

इथं तो थांबणार, हे मला माहीत होतं. तो थांबला. आता टोपी काढणार आणि टोपीच्या काठानं डाव्या डोळ्याची कड टिपणार, हेही मला माहीत होतं.

त्यानं टोपी काढली.

माझ्या हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं, एक कुरडई भिजली. कुणाचं लक्ष नव्हतं. शिवदास रडत होता, अगदी खरा रडत होता. मालनबाईंनी चिकानं भरलेला हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला.

"येड्या," त्या म्हणाल्या, "मला काय तुझं घर पायजेल हुतं? तू पायजेल हुतास."

शिवदासनं साडी दिली. मालनबाईंनी हात धुतले, ओटी पुढं केली, नारळ घेतला, साडी कपाळाला लावली. "थांबा, नेसून येती. चांगल्या कामाला जायाचं तर जुनेरात कशाला?" असं म्हणून त्या आत गेल्या. दादानं मला भुवई उडवून दाखवली. झालं तुझं काम.

माझं काम झालं होतं. मला घर मिळालं होतं, मधल्या खोलीच्या दारासकट. आणि मी ओट्यावरून उठले नाही.

ते सगळं बोलणं मी ऐकलेलं होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला दादा माझ्या सासरी आला होता. ओवाळून झाल्यावर, पाटावर बसल्या बसल्या, याच मऊ आवाजात त्यानं हे सांगितलं होतं. वाटा सोडला की दार जन्मभर उघडं. अवेळी आलीस तरी कडी काढावीच लागेल. माहेर म्हणजे दुसरं काय असतं गं? आणि टोपी काढली होती. मला इतकं भरून आलं होतं की अण्णांची जमीन किती, घर केवढं, हेही मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे दादावर अविश्वास दाखवणं असं वाटलं. मी शिकलेली, पोरांना जोडाक्षरं शिकवणारी बाई. दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून कचेरीत गेले आणि वळणदार सही करून आले.

पुढं नवऱ्यानं दुसरा संसार थाटला तेव्हा रेवतीला कडेवर घेऊन मी माहेरी आले. दादानं कडी काढली. नाही असं नाही. पहिले काही दिवस वहिनी मला ताटावरून उठू देत नव्हती. पाहुणीसारखं केलं माझं, आणि पाहुणी किती दिवस राहते? पावसाळा संपता संपता दादानंच फलटणात माझ्यासाठी भाड्याची खोली शोधली. माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावरून आणली. ती खोली घेतानासुद्धा त्यानं भिंतीला गाल लावून ओल बघितली होती. सुगीला ज्वारीचं पोतं घेऊन यायचा. मी त्याला फार चांगला भाऊ म्हणत होते. त्या ओट्यावर बसेपर्यंत म्हणत होते.

आतून बांगड्यांचा आवाज येत होता. साडीची कोरी घडी मोडताना होतो तो आवाजही आला.

"शिवदासभाऊ," मी म्हणाले, "एक करता का? किमतीचे दोन ड्राफ्ट करू. अर्धा तुमच्या नावानं, अर्धा मालनबाईंच्या. मला काय, तेवढेच पैसे द्यायचेत. मग त्यांना सहीला नेऊ."

शिवदासला आधी कळलंच नाही. डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिला.

"शकू," दादा म्हणाला.

"उताऱ्यावर दोन नावं आहेत, दादा. तूच दाखवलंस."

"अवो, ती देती म्हणतीय ना खुशीनं!" शिवदास उठला. "तुमच्या काय पोटात दुखायलंय? आमचा भावा-बहिणीचा मामला हाय."

"खुशीनं देतायत, तर आधी पैसे त्यांच्या हातात पडू देत. मग त्यांनी तुम्हाला परत द्यावेत. तेही खुशीनंच होईल."

"म्हंजे मी काय फसवतोय तिला?" त्याचा आवाज चढला. रडून लाल झालेले डोळे आता रागानं लाल झाले. "इसार परत घेऊन जावा तुमचा. घराला गिऱ्हाईकं काय कमी न्हाईत. मी तिला पळवून न्यायला आलो न्हाई हितं. न्हाई विकायचं तुम्हाला. मिटलं."

"शिवदास, बसा," दादा मधे पडला, "बाईमानसाचं बोलणं काय मनावर घेता? मी समजावतो तिला."

"तुम्हीच समजावत बसा." शिवदासनं चपला उचलल्या आणि निघाला. वाटेवरून नाही, सरळ निघाला. एका लुगड्यावरच्या ओल्या कुरडयांवर त्याचे पाय उमटत गेले.

तेवढ्यात मालनबाई दारात आल्या. हिरवी साडी, निऱ्या अजून नीट बसल्या नव्हत्या, कपाळाला ताजं कुंकू. त्यांनी अंगण बघितलं, भावाची पाठ बघितली.

"काय झालं? आरं शिवा! कुठं चाललास?"

"घरला. एष्टीनं."

"आन् मी नेसले ती?" त्या पायऱ्या उतरून धावल्या. "जेवून तर जा. आरं, भाकरी टाकते, घटकाभर थांब. शिवा!"

तो बांधापर्यंत गेला होता. त्यानं हात केला, थांबत नाही अशा अर्थाचा, आणि वळला नाही. मालनबाई कुंपणाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. नवी साडी वाऱ्यानं फुगत होती, ती त्या एका हातानं धरून होत्या. मग परत आल्या. मला वाटलं, मी सांगितलं की त्यांना कळेल. मी घाईघाईनं सांगायला लागले, तुमचा अर्धा हिस्सा आहे, मी फक्त एवढंच म्हटलं की तुमच्या नावानं...

"बाई," त्यांनी मला तोडलं. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला मी इचारलं हुतं का?"

मी लुगड्यावर उमटलेल्या पावलांकडे बघितलं.

"सात-आठ सालांनी माझा भाऊ दारात आला. माझ्या हाताखाली बसून त्यानं सोऱ्या दाबला. तुम्हाला काय ठावं त्येचं मोल? माझा वाटा मला कळत न्हाई व्हय? आडानी हाय मी, खुळी न्हाई. मला सगळं कळत हुतं." त्यांनी सुटत चाललेल्या निऱ्या मुठीत धरल्या. "तुम्ही घर घ्यायला आला हुता न्हवं? मग घर घ्यायचं. माझा भाऊ कशापायी घालवलासा?"

त्यांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. पातेल्यातला चीक निवून घट्ट झाला होता. त्या तिथं, नव्या साडीत, मातीत बसल्या आणि लाटण्यानं तो खरवडायला लागल्या. दादा म्हणाला, "चल." मी चपला उचलल्या.

ते घर पुढं महिन्याभरात एका कापडवाल्यानं घेतलं. मालनबाई कचेरीत आल्या, सही दिली, आणि शिवदासनं त्यांना जेवायला घालून एष्टीत बसवलं, असं मी ऐकलं. हिरवी साडी नेसल्या होत्या म्हणे. शिवदास पुण्याला गेला, त्यानंतर तो पुन्हा घाट चढला की नाही ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही कुणाला. अक्षय्यतृतीयेला आम्ही सामान हलवलं, तेही एका गोठ्याशेजारच्या खोलीत. तिथं रेवती दहावी झाली. तिनं मला एकदाच विचारलं, "आई, ती बाई सही देत होती ना?" मी हो म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

माझं स्वतःचं घर व्हायला पुष्कळ वर्षं गेली. दोन खोल्यांचं आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, फरशीचा उतार मोरीच्या उलट बाजूला आहे. ते घेताना मी दादाला बघायला नेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी जीप घाट उतरत होती, दादा पुढं बसला होता, मी मागं. शिवदाससाठी ठेवलेली जागा माझ्या शेजारी रिकामी. अर्ध्या घाटात दादा एकदम वळला. चेहरा रागानं काळा पडला होता, पण रागाखाली खरोखरचं दुःखही होतं. माझ्या घरासाठी त्यानं खरंच जिवाचं रान केलं होतं.

"आगं, ताटात आलेलं घर घालवलंस! महिनाभर मी काय झक मारत हिंडलो? आन् कुणासाठी? जिनं तुला दारातनं हाकलली तिच्यासाठी?"

मी बाहेर बघत होते.

"पोरीचा तरी इचार करायचास. कुठं ऱ्हाणार तिला घिऊन? बोल की!"

"बघू."

"काय बघू? आपलं घर बघायचं सोडून तुला लोकांच्या बहिणीचा पुळका. तिला भाऊ हाय, शकू. तिचं काय असंल ते तिचा भाऊ बघंल. तुला कशाला पायजेल?"

"दादा," मी म्हणाले, "मलाही भाऊ आहे."